काळ्या पडद्यामागचा पाऊस

दुकानदार आमचा गेम फळीवरून उतरवत होता. एकेक डबा चिमटीत धरून, तोंड वाकडं करून, मेलेला उंदीर उचलावा तसा. मी काचेबाहेर उभी राहून बघत होते. शेवटचा एक डबा उरला, तेव्हा मला राहवेना. तशीच आत शिरले, हात पुढे केला आणि डबा धरला.

डबा हलेना. त्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक हात होता.

"सॉरी," हाताचा मालक म्हणाला. पण सोडला नाही.

"मी आधी धरलाय."

"मला वाटतं... एकदमच धरलाय."

उंच, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. बाहेरच्या भुरभुरीने चष्म्यावर थेंब बसलेले, आणि ते पुसायला हात मोकळा नाही, कारण एका हाताने खांद्यावरची पिशवी सावरलेली आणि दुसऱ्यात आमचा डबा.

"काय ते एकाने घ्या आणि निघा," दुकानदार वैतागला. "कालपासून जो येतो तो हाच मागतो. आणि मागतात कसे? इकडे-तिकडे बघत!"

माझे कान तापले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"तुम्हाला कशासाठी हवाय?" चष्म्याने विचारलं.

"भाच्यासाठी," मी ठोकून दिलं. मला भाचा नाही. बहीणच नाही, तर भाचा कुठून येणार!

"हा? भाच्यासाठी? आत्ता?"

"आणि तुम्हाला हो कशासाठी?"

त्याने डबा जरा स्वतःकडे ओढला. मग अगदी सरळ म्हणाला, "पावसासाठी."

"काय?"

"यातला पाऊस... तुम्ही ऐकलाय का? आधी लाकडावर पडतो, मग पत्र्यावर, मग पाण्यावर. प्रत्येकाचा आवाज वेगळा. मी एकदा होडी धक्क्याला लावून नुसता ऐकत बसलो होतो. खेळायचं विसरूनच गेलो."

आता तुम्हाला सांगायला हवं. तो पाऊस माझा आहे. आमच्या छोट्या कंपनीत मला सगळे पाऊसवाली म्हणतात. पडद्यावरच्या माणसांच्या हालचाली करणं हे माझं काम, पण या गेममधला पाऊससुद्धा मीच केला होता. जुन्या पत्र्याखाली, लाकडी फळीखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी तासन्‌तास कान देऊन. आणि कालपासून सगळं जग त्या गेमबद्दल बोलत होतं, तरी पावसाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

मी डबा सोडला.

"घ्या तुम्हीच," मी म्हटलं. "भाचा... वाट बघेल."

पैसे देऊन तो दारापर्यंत गेला. पाऊस आहे की गेला हे बघायला त्याने तळहात बाहेर काढला. पण हाताकडे बघितलंच नाही. मान वळवून माझ्याकडे बघत राहिला.

"पडतोय?" मी विचारलं.

"बघितलं नाही," तो म्हणाला, जरासा हसला आणि निघून गेला.

मी मात्र बराच वेळ त्या रिकाम्या फळीसमोर उभी होते. दुकानदाराला वाटलं असेल, भाच्याच्या काळजीने.

*

गेम साधा आहे. एक दीपगृह, ते सांभाळणारी एक मुलगी, आणि होड्या दुरुस्त करणारा एक तरुण. वादळात दोघं मिळून घरोघरी उजेड पोचवतात. शेवटच्या रात्री दोघं भिजून दिव्याच्या खोलीत येतात, पडदा काळा होतो, थोड्या वेळाने उजाडतं. पाऊस थांबलेला असतो आणि होड्या बाहेर पडतात. डब्यावर गेम तपासणाऱ्या मंडळाचा शिक्का — 'सर्वांसाठी'.

त्या काळ्या पडद्यामागे काय आहे, हे कुणा हुशार खेळाडूने गेमच्या फायली उघडून शोधलं. पडदा बाजूला केला, आणि जे दिसलं ते इंटरनेटवर टाकलं.

दिसलं असं की ती त्याच्या कॉलरचं पाणी पिळते. मग तो तिच्या कपाळावरचे केस बाजूला करतो. मग चुंबन. मग ओले कपडे... मग कोपऱ्यातली खाट. पुढचं लिहीत नाही, आई वाचणार आहे.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगाच नाही. मूठ उघडली आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. बातम्यांत आमच्या ऑफिसची पाटी दिसायला लागली. पालक चिडले, दुकानांनी डबे उतरवले. मंडळाने शिक्का काढून घेतला तर कंपनी बंद, हे आमच्या दादाने सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. दादा म्हणजे कंपनीचा मालक. गेमचा सगळा कोड त्याने स्वतः लिहिलेला. आणि रागावला की तो ओरडत नाही, नुसतं टक्कल चोळतो. त्या दिवशी टक्कल लाल झालं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचा परीक्षक आला. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कालचा डबा.

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो.

"भाचा कसा आहे?" त्याने विचारलं.

"बरा आहे," मी म्हटलं. "पाऊस आवडला का?"

"मला कंपनीने दिलेली प्रत चालत नाही. दुकानातूनच विकत आणावी लागते," तो घाईने म्हणाला. मग चष्मा काढून पुसत, हळूच, "पण पावसाचं मी खोटं बोललो नव्हतो."

दादाने टक्कल चोळायचं थांबवून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

*

तुम्ही कधी परक्या माणसाशेजारी बसून, आपल्याच हाताने केलेला तसला प्रसंग बघितलाय? बघू नका. खुर्ची आहे त्याहून फार लहान वाटते.

तो मात्र पेन घेऊन ताठ बसला होता. कान तेवढे लालबुंद.

"थांबवा," तो म्हणाला. "जरा मागे."

"किती मागे?"

"कॉलरपासून..."

मी कॉलरपासून लावलं. पुन्हा चुंबन आलं. आम्ही दोघंही पडद्यावरच्या खिडकीकडे बघत होतो, जसं काही सगळं महत्त्वाचं तिथेच चाललंय.

"नायक जरा ताठ वाटतो," तो शेवटी म्हणाला.

"तो स्टँड आहे."

"अं?"

"कोट अडकवायचा स्टँड. तो, दाराशी." मी बोट दाखवलं. "आम्ही हालचाली आधी स्वतः करून बघतो. फोनवर चित्रण करायचं, मग त्यावरून पात्रं हलवायची. नायक मिळेना, म्हणून..."

त्याने दाराशी उभ्या असलेल्या स्टँडकडे बघितलं. बराच वेळ, जरा हेव्यानेच बघितलं असं मला वाटलं. मग म्हणाला, "म्हणजे नायिकेच्या हालचाली..."

मी माउस उगाचच सरकवला.

"ती डावी भुवई आधी उचलते," तो पेनाशी चाळा करत म्हणाला. "काल दुकानात तुम्ही उचललीत तशी."

दादाला एकदम खोकला आला.

"खरं सांगा," मी विषय बदलला, "घाणेरडं आहे का हे? सगळे तसंच म्हणतायत."

"नाही," तो ताडकन म्हणाला. "घाणेरडं अजिबात नाही. मोठ्यांसाठी आहे. मुलांच्या डब्यात ठेवलंत, तिथे चुकलंत. एवढंच."

दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी सरळ बोललं होतं. मी उठून उगाचच खिडकी उघडली.

"पण मला एक कळत नाही," तो दादाकडे वळला. "हा भाग नको होता, तर काढून का नाही टाकला? पडद्यामागे तसाच चालू का ठेवला? दर वेळी तो अंधार होतो तेव्हा आत हे चालूच असतं!"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"सांग ना," दादा म्हणाला. "पाऊसवाली तू आहेस."

आता गेममध्ये प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाला तरी जोडावी लागते. घंटा वाजली की दार उघडतं, दिवा लागला की होडी निघते. पाऊस थांबायलाही काहीतरी हवं होतं. तेव्हा गेम मोठ्यांसाठीच होता. सगळ्यांसाठी करायचं दादाने मागाहून ठरवलं. आणि मी... मला तेव्हा तेच बरोबर वाटलं होतं.

"चुंबनाला जोडलाय," मी पुटपुटले. "त्याचे ओठ बाजूला झाले की... पाऊस थांबतो."

"आणि चुंबनच काढलं तर?"

"तर थांबत नाही. पडतच राहतो. होड्या निघत नाहीत. गेम संपत नाही."

"बाजारात आणायची घाई होती," दादा म्हणाला. "मी वरून काळा पडदा ओढला. म्हटलं, अंधारात कोण बघतंय!"

परीक्षकाने पेन खाली ठेवलं. आधी त्याचे खांदे हलले, मग तो मोठ्याने हसायलाच लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"पहिल्यांदा तपासताना मी शेरा दिला होता," तो चष्मा पुसत म्हणाला, "'प्रेमप्रसंगी पडदा काळा ठेवण्यात दाखवलेला संयम कौतुकास्पद.' सही माझी आहे. वर आता मला विचारतायत, डोळे मिटून तपासत होतास का म्हणून."

तेव्हा कळलं, आमची कंपनी बुडाली तर हाही बुडणार होता. तरी तो हसत होता. आणि त्याच्याबरोबर मीही.

*

संध्याकाळी आईचा फोन आला.

"अगं, टीव्हीवर तुझ्या ऑफिसची पाटी! काय केलंस काय तू?"

"आई, काही नाही... तू बघू नकोस."

"बघितलं. मावशीने पाठवलं. तिच्या शेजारणीने तिला पाठवलं." मी डोळे मिटून घेतले. "मला वाटलं काय नि काय! अगं, ती पोर एवढी भिजलीये, त्याने आधी टॉवेल द्यायचा की नाही? नुसता आपला पुढे पुढे! आणि तो मुलगा कोण गं? उभा बघ कसा, खांबासारखा."

"कोट अडकवायचा स्टँड आहे, आई."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"म्हणूनच म्हणते," आई शेवटी म्हणाली, "आता तरी एखादा माणूस बघ."

जीव निम्मा तरी भांड्यात पडला. उरलेला निम्मा शुक्रवारवर अडकला होता. शुक्रवारपर्यंत तो भाग मुळासकट काढलेला गेम दिला तर शिक्का राहील, नाहीतर नाही, असं मंडळाने कळवलं होतं. आणि काढायचं तेही परीक्षकासमोर. म्हणून तो रोज येऊन बसायचा.

दादाने चुंबन काढलं. पाऊस लागला तो लागलाच. मग पाऊस थांबवायला मी एकेक गोष्ट जोडून बघायला लागले. घंटेला जोडला, तर शाळा सुटल्यासारखं वाटलं. उजाडण्याला जोडला, तर सगळं कोरडं ठक्क. त्या दोघांच्यात काहीच न होता पाऊस थांबला तर थांबावा कशाला?

"तुम्हाला काय वाटतं?" मी परीक्षकाला विचारलं.

"मला सुचवता येत नाही. मीच सुचवायचं आणि मीच पास करायचं, असं कसं चालेल?"

"मग चहा तरी घेता येतो का?"

"चहाबद्दल नियम नाही."

मग चहा व्हायचा. त्याने मला विचारलं, लाकडावरचा पाऊस कुठे सापडला. मी त्याला विचारलं, दिवसभर दुसऱ्यांनी केलेलं बघून दोष काढायचे, कंटाळा नाही येत? म्हणाला, "दोष काढत नाही. कुणासाठी काय, ते बघतो." मग कपाकडे बघत, "काही गोष्टी आपल्यासाठी आहेत की नाहीत, हे मात्र मला चटकन कळत नाही." एवढं म्हणून तो घाईघाईने पिशवी घेऊन उठला. निघताना दारात थांबला, तळहात बाहेर काढला, आणि पुन्हा तेच. हात पावसात, डोळे माझ्याकडे.

तो गेला, आणि मी तिथेच उभी राहिले. मग पळत जाऊन फोन चित्रणाला लावला, स्टँड ओढला, आणि त्याच दारात उभं राहून तो हात मी माझ्या हाताने करून बघितला. दहा वेळा, वीस वेळा. बोटं किती उघडायची, मान कधी वळवायची... मला सगळं पाठ होतं. कधी पाठ झालं, तेवढं मात्र माहीत नव्हतं.

*

गुरुवारी तो आला नाही.

शुक्रवारी आल्या त्या मंडळाच्या मोठ्या बाई. पांढरे केस, सुती पोशाख, आणि हसू कुलपात ठेवून आल्यासारखा चेहरा.

"ते... नाही आले?" मी विचारलं.

"ते आता या कामावर नाहीत," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

गेली त्याची नोकरी. आमच्या पडद्यापायी, माझ्या पावसापायी गेली. आणि मी दोन दिवस तो हात रंगवत बसले होते! कंपनी राहो की जावो, त्या क्षणी मला फक्त एकच वाटत होतं. त्याने निदान एकदा तरी हे बघायला हवं होतं.

गेम सुरू झाला. शेवटची रात्र आली. दोघं भिजून दिव्याच्या खोलीत शिरली. तो आधी तिला टॉवेल देतो — हे आईचं. मग दोघं दाराशी येतात. बाहेर धो-धो पाऊस. तो तळहात बाहेर काढतो, पण हाताकडे बघत नाही. मान वळवून तिच्याकडे बघतो. ती डावी भुवई उचलते. आणि पाऊस हळूहळू थांबतो. आधी पाण्यावरचा, मग पत्र्यावरचा, मग लाकडावरचा.

काळा पडदा नव्हताच कुठे.

बाईंनी चष्मा नीट केला. दादाचा हात टकलावर थिजला होता.

"मागे घ्या," बाई म्हणाल्या. "त्या हातापासून."

मी मागे घेतलं. पुन्हा हात, पुन्हा मान.

"हं," त्या म्हणाल्या. "पडद्यामागे काही नाही ना? मी तपासून घेईन."

"काही नाही," दादा म्हणाला. "खुशाल तपासा."

त्यांनी तपासलं. पार खोलात जाऊन, चहा थंड होईपर्यंत. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"सर्वांसाठी," त्या म्हणाल्या.

दादा मटकन खाली बसला. खुर्ची नव्हती तिथे, पण त्याला त्याचं काही नव्हतं. आतल्या खोलीतून सगळ्यांचा एकच गलका उठला. मला हसू येत होतं, आणि डोळे भरून येत होते, आणि नेमकं कशासाठी ते कळत नव्हतं.

"एक विचारू?" बाई माझ्याकडे वळल्या. "हा हात काढायची तऱ्हा कुठून आणलीत? आमच्या ऑफिसात एक आहे, रोज दारात असाच उभा राहतो. पाऊस असो-नसो. मी दहा वेळा सांगितलं, अरे हाताकडे बघ!"

माझा चेहरा किती लाल झाला असेल, ते दादाला विचारा. तो अजून सांगत असतो.

"त्यांची नोकरी...?" मी कसंबसं विचारलं.

"नोकरीला काय झालंय? कानउघाडणी झाली, ती व्हायलाच हवी होती. हे काम त्याने स्वतः सोडलं. बुधवारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, 'मला हा गेम तपासता येणार नाही. त्यातल्या पावसाबद्दल मी आता तटस्थ राहिलेलो नाही.'" बाईंनी पिशवी उचलली. कुलपातलं हसू आता बाहेर आलं होतं. "इतकी वर्षं या खुर्चीत आहे. पावसाबद्दल तटस्थ नसलेला माणूस पहिल्यांदाच बघितला. खाली जिन्यात बसलाय. वर यायची परवानगी मीच दिली नव्हती, निकाल लागेपर्यंत. आता लागलाय ना?"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. अगदी आवाज होतो हो! मला ऐकू आला.

मी जिना कसा उतरले, आठवत नाही. तो शेवटच्या पायरीवर बसला होता, मांडीवर पिशवी, पिशवीत तोच डबा. मला बघून उठला.

"काय झालं?"

"सर्वांसाठी," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला की मलाच हसू आलं.

"मग आता मला बघता येईल. काय केलंत तुम्ही पावसाचं? कशाला जोडलात?"

"बघ की तूच," माझ्या तोंडून निघून गेलं. तू! मी जीभ चावली. त्याचे कान लाल व्हायला लागले.

"भाच्यालाही दाखवू," तो म्हणाला.

"मला भाचा नाही."

"माहीत आहे. त्या दिवशीच कळलं होतं. 'भाचा' म्हणताना ती भुवई..."

बाहेर पावसाची सर आली होती. सवयीने तो दाराशी गेला, तळहात बाहेर काढला, आणि मान वळवली.

"पडतोय?" मी विचारलं.

"बघितलं नाही."

मी जवळ गेले. त्याच्या कॉलरवर वळचणीचं पाणी उतरलं होतं, ते मी चिमटीत धरून पिळलं. हे मला येत होतंच. पण स्टँड कधी असा थरथरला नव्हता, आणि त्याने कधी माझ्या कपाळावरचे केस असे, विचारून-विचारून बाजूला केले नव्हते.

"मला... सुचवता येत नाही," तो कुजबुजला. "नियम..."

"तू या कामावर नाहीस आता," मी म्हटलं.

मग आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. बाजूला झालो तेव्हा दोघांनी एकदमच बाहेर बघितलं. पाऊस पडतच होता. पत्र्यावर, लाकडावर, पाण्यावर, उलट जरा वाढलाच होता.

"थांबला नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "पुन्हा तपासावं लागेल."

मी डावी भुवई आधी उचलली.